द्राक्षे कोणी खाल्ली?

(शास्त्रभाग : यहेज्केल, अध्याय १८ वा)



वर दिलेला अध्याय प्रत्येकाने घरी सावकाश वाचावा, व ज्यांस वाचता येत नाही त्यांनी तो मुलांकडून वाचवून घ्यावा, अशी विनंती करून आम्ही आरंभ करितो.

इसवी सनापूर्वी ५९७ त बाबेलच्या राजाने यरुशलेमेतील पुष्कळ लोकांस, त्यांचा राजा यहोयाखीन याच्यासह, कैद करून आपल्या देशी नेले. त्या बंदिवानांत यहेज्केल संदेष्टा होता. खबार नदीच्या काठी परक्या मुलखात ते राहत असता अकरा वर्षांनी, म्हणजे ५८६ त, खुद्द यरुशलेमही पडले. असल्या दिवसांत त्या लोकांच्या तोंडी एक म्हण बसली होती. वाडवडिलांनी आंबट द्राक्षे खावी आणि दात मात्र लेकरांचे आंबावे, असा तिचा भाव. आमच्यापैकी ज्यांनी कच्ची चिंच खाल्ली आहे त्यांस दात आंबणे म्हणजे काय हे सांगावयास नको. मनश्शेसारख्या राजांनी पापे केली, देऊळ विटाळले, आणि शिक्षा आम्ही भोगतो, आमचा ह्यात काय अपराध, असे ते बंदिवान म्हणत व हात जोडून स्वस्थ बसत.

ही म्हण अगदीच खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. बापाने दारूपायी शेत घालविले, तर मुलास परक्याच्या बांधावर राबावे लागते, हे कोण नाकारील? दहा आज्ञांतही वडिलांच्या दुष्कर्माची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीस पोहोचते असे सांगितले आहेच. परंतु झळ निराळी व दोष निराळा. संदेष्टा एकाच घराण्याच्या तीन पिढ्या आपणांपुढे उभ्या करितो : आजा नीतिमान, त्याचा मुलगा दरोडेखोर, आणि त्या दरोडेखोराचा मुलगा बापाची सर्व कृत्ये पाहून त्या वाटेस न जाणारा. आजाचे पुण्य मुलास वाचवीत नाही. बापाचे पाप नातवास बुडवीत नाही. ज्याचा हिशेब त्याच्याकडेच मागितला जातो. ती म्हण पुन्हा तोंडातून काढू नका, अशी देवाची सक्त ताकीद आहे.

आता आपल्या घरी येऊ. मूल जन्मले की पाचवीच्या रात्री सटवाई येते व त्याच्या कपाळी लेख लिहिते, अशी समजूत आमच्या आजीच्या लहानपणी घरोघर होती. आपण ख्रिस्ती झालो व ती पूजा सोडिली. पण 'दारिद्र्य आमच्या पाचवीलाच पुजलेले' हे बोलणे सोडिले काय? बोलणे सोडिले त्यांनीही मन सोडिले नाही. गुत्त्यातून येणाऱ्या भावास विचारावे, तर तो म्हणतो, 'सैतानाने करविले.' मुलीचे लग्न कोवळ्या वयात उरकून टाकणाऱ्या बापास विचारावे, तर तो म्हणतो, 'प्रभूची इच्छा.' आम्हांस कधीकधी वाटते की आपण सटवाईस दाराबाहेर काढिले खरे, पण तिच्या पाटावर सैतानास नेऊन बसविले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण ह्या उपदेशाचा उलटा अर्थ करणारे लोक पुष्कळ आहेत. आपल्या वाडवडिलांस शतकानुशतके सांगण्यात आले की, तुम्ही गावकुसाबाहेर जन्मला ते मागील जन्मीच्या तुमच्याच कर्माचे फळ. ज्याने ज्याचे त्याने भोगावे असे यहेज्केल सांगतो ते ह्या अर्थाने नव्हे. ज्याने विहिरीवरून आपल्या आजीस हाकलून दिले, त्या हाकलण्याचा दोष त्या हाकलणाऱ्याच्या पदरी आहे. तिच्या कपाळी नाही. ता. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकरांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, तेव्हा कपाळीचा हा लेख त्यांनी मानिला नाही. म्हणून कोणी गरिबास 'तुझे तूच भोग' असे म्हणण्यासाठी हा अध्याय उघडील, तर त्याने तो उफराटा धरिला आहे असे समजावे. प्रश्न इतकाच आहे की, जे आपल्या हातून होते, ते आपण आपले म्हणतो की नाही.

वीसएक वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगतो. ती सांगण्यास आम्हांस आनंद होतो असे नाही.

आम्ही सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो व सात-आठ खेड्यांतील मंडळ्यांची देखरेख आमच्याकडे आली होती. त्यांपैकी एका गावी मूठधान्याची चांगली रीत होती. बाया दळण करण्यापूर्वी मूठभर ज्वारी बाजूस काढून ठेवीत व रविवारी उपासनेस येताना पदरात बांधून आणीत. ती मंदिराच्या खोलीतील कणगीत साठे, आणि श्रावण-भाद्रपदात, जेव्हा घरातले सरते व शेतातले आलेले नसते, तेव्हा विधवांस व आजाऱ्यांस वाटली जाई. एके वर्षी नाताळापूर्वी भजनी मंडळाच्या तरुणांस वाटले की, नवी पेटी घ्यावी. जुनीचा भाता फाटला होता, ही गोष्ट खरी. पैसे नव्हते, कणगी भरलेली होती. पंचांनी सभा बोलाविली. गावच्या सेवकाने, धान्य विकावे की कसे, असे आम्हांस चिठ्ठी पाठवून विचारिले. आम्ही त्या वेळी दुसऱ्या खेड्यात होतो. 'पंचमंडळीस योग्य दिसेल तसे करावे,' असे उत्तर आम्ही लिहून धाडिले. सभेत हात वर झाले, ज्वारी बाजारात गेली, पेटी आली. त्या नाताळात भजन फार सुरेख झाले. आम्ही हजर होतो, व उपासनेनंतर पेटी वाजविणाऱ्या मुलाची पाठ आम्ही स्वतः थोपटली.

पुढल्या पावसाळ्यात मंडळीतील एका विधवेच्या घरी ओळीने तीन दिवस चूल पेटली नाही. कणगीत हात घातला तो तळाला लागला. तिने सावकाराचे दार धरिले, आणि ते कर्ज फेडण्याकरिता आपल्या तेरा वर्षांच्या मुलास शाळेतून काढून शेजारच्या गावी एका बागाईतदाराकडे सालाने ठेविले.

आमच्या कानी हे आले तेव्हा आम्ही तेथे जाऊन विचारपूस केली. पंच म्हणाले, 'पाळकसाहेब, सभेनं ठरवलं. आम्ही एकट्यानं थोडंच केलं?' सभेतील माणसे म्हणाली, 'पंचांच्या शब्दाबाहेर आम्ही कसं जावं?' तरुण म्हणाले, 'आम्ही पेटी मागितली. ज्वारी विका असं कुठं म्हणालो?' सेवक काही बोलला नाही. त्याने आपल्या वहीतून आमची चिठ्ठी काढून आमच्यापुढे ठेविली.

अक्षर आमचेच होते. आणि हेही आम्हांस आठवले की, ते वाक्य लिहिताना त्या बाईचे घर क्षणभर आमच्या डोळ्यांपुढे येऊन गेले होते; परंतु पंचांत एक वजनदार गृहस्थ होते, त्यांचे मन मोडू नये म्हणून आम्ही लेखणी दुसरीकडे वळविली. 'नको' लिहावयास दोन अक्षरे पुरली असती.

त्या बाईस आम्ही भेटलो. तिने आम्हांस दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, 'साहेब, सावकाराच्या दारात जाऊन बसता येतं. सभेच्या दारात जाऊन बसावं, तर सभेला दार कुठं हाय?'

हे वाक्य आम्ही अनेक उपदेशांत वापरू पाहिले, पण ते नेहमी आमच्याच अंगावर येते.

बंधूंनो, हे नवे नाही. एदेन बागेत देवाने विचारिले तेव्हा आदामाने स्त्रीकडे बोट दाखविले, इतकेच नव्हे तर ती मला तूच दिलीस असे म्हणून देवाकडेही दाखविले. स्त्रीने सर्पाकडे दाखविले. मोशे डोंगरावर असता अहरोनाने लोकांचे सोने घेतले व कोरणीने त्यास आकार दिला असे निर्गमाच्या ३२ व्या अध्यायात स्वच्छ लिहिले आहे. पण मोशेने जाब विचारिला तेव्हा तो म्हणतो की, सोने अग्नीत टाकिले आणि त्यातून हे वासरू निघाले! जणू वासरू आपल्या पायांनी चालत आले. कोरणी कोठे गेली, हे अहरोन सांगत नाही. पिलाताने तर पाणी मागविले व सर्वांदेखत हात धुतले. त्याचे हात धुऊन झाले, पण ख्रिस्ती मंडळी आपल्या मतांगीकारात आजवर त्याचेच नाव घेते.

कोणी विचारील, फारोचे मन देवानेच कठीण केले ना? मग त्याचा दोष कसला? प्रश्न चांगला आहे व सेवकांनी तो टाळू नये. असे करीन हे देवाने मोशेस अगोदरच कळविले होते, हे खरे. तथापि पीडांचा वृत्तांत क्रमाने वाचावा. बेडूक मेले व श्वास घेण्यास फुरसत मिळाली, तेव्हा फारोने आपले मन आपणच कठीण केले, असे तेथे आहे. गोमाशा गेल्या तेव्हाही तसेच. देवाने त्याचे मन कठीण केले, असे घडलेल्या गोष्टीविषयी प्रथम लिहिले आहे ते फोडांच्या पीडेच्या वेळी, म्हणजे सहाव्याने. ह्याने सर्व गूढ उलगडते असे नव्हे, पण नित्य पाहण्यातली एक गोष्ट ह्यात आहे. गुत्त्याकडे पहिल्या दिवशी जाणारा पाय मोकळा असतो. शंभराव्या दिवशी तो बांधलेला असतो. आणि ती दोरी त्यानेच रोज थोडी थोडी वळलेली असते.

माणसाची इच्छा किती स्वतंत्र व किती बद्ध, ह्यावर मंडळीत थोर वाद झाले आहेत. पाचव्या शतकात ऑगस्टिन व पेलागियस, आणि सोळाव्यात इरॅस्मस व लूथर (त्यांचे ग्रंथ १५२४ व १५२५ चे) हे ह्यावरच झगडले. सेमिनरीत ह्या वादाने आमच्या पुष्कळ रात्री खाल्ल्या. खेड्यातील सेवकास त्यातील एवढेच पुरे आहे : कृपेवाचून माणूस आपल्या बळाने देवाकडे वळू शकत नाही, असे अगदी निक्षून सांगणारा लूथरही असे म्हणत नाही की कोणी मानगूट धरून माणसाकडून वाईट करविते. माणूस वाईट करितो ते आपखुशीने, हे त्यासही मान्य होते. बद्ध इच्छा ही देखील आपलीच इच्छा होय.

आणि यहेज्केलाचा अध्याय शिक्षेवर संपत नाही, ही गोष्ट आमचे उपदेशक फार वेळा विसरतात. देवास दुष्टाच्या मरणात आनंद नाही. त्याने फिरावे व जगावे, अशी हाक शेवटी आहे. आता विचार करा की, ही हाक कोणास मारिता येईल? ज्याने पाप केलेच नाही, सटवाईने केले, सैतानाने केले, सभेने केले, त्यास फिर म्हणून काय सांगणार? तो गेलाच नव्हता कोठे. जो म्हणतो 'मी गेलो', त्यासच परतीची वाट असते. उधळ्या पुत्राने डुकरांच्या गोठ्यात दुष्काळास दोष दिला असता, तर दुष्काळ खरोखर पडलेला होता, लूकाने तसे लिहिले आहे. पण मग तो मुलगा तेथेच राहिला असता.

त्या गावी पुढच्या रविवारी आम्ही उपदेश केला नाही. चिठ्ठी वाचून दाखविली, व ती लिहिताना आमच्या मनात काय होते ते सांगितले. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाजूस बसलेले एक म्हातारे बाबा काठी टेकून उठले व म्हणाले, 'हात म्या वर केला. समद्यांचा गेला म्हणून केला. पण हात तर माझ्याच खांद्याला होता.' त्यांच्यामागून आणखी काही उठले. सर्व उठले असे नाही. ते वजनदार गृहस्थ उठले नाहीत, व त्यांचे घराणे पुढे कित्येक महिने उपासनेस आले नाही. जे उठले त्यांनी आपसांत वाटणी करून सावकाराचे कर्ज फेडिले. आमच्या वाट्यास आले ते आम्ही तीन महिन्यांत दिले. परंतु बागाईतदार साल मोडू देईना. मुलगा पाडव्यास घरी आला. शाळेत पुन्हा बसावयास तो तयार झाला नाही, आणि आम्ही पुष्कळ सांगूनही बसला नाही.

पेटी अद्याप त्या मंदिरात आहे. आज ती जे वाजवितात त्यांस ही हकीकत ठाऊक आहे. कणगीची किल्ली त्या बाईकडे असते, व हे सर्व छापण्यापूर्वी आम्ही तिची परवानगी घेतली आहे.