वेठ आणि सेवा

कुर्ल्याच्या एका वस्तीतील विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज सायंकाळी ग्रंथवाचन चालते. अशाच एका सायंकाळी वाचन संपल्यावर एका वयोवृद्ध उपासकांनी सूचना मांडली की, येत्या रविवारी तरुणांनी श्रमदान करावे, विहाराचे आवार झाडावे आणि मागचे तुंबलेले गटार उपसावे. त्यावर एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घराने धम्मदीक्षा घेऊन अजून वर्षही झाले नव्हते. तो म्हणाला, "काका, माझ्या आजोबांनी जन्मभर गावाची घाण काढली. त्यातून सुटावे म्हणून आम्ही हा मार्ग धरला. आता पुन्हा आमच्याच हातात फावडे का?"

सभा गप्प झाली. एकदोघांनी त्याला खाली बसण्याची खूण केली. परंतु मला वाटते, तो प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. नव्याने बौद्ध झालेल्या पुष्कळ घरांत तो मनातल्या मनात विचारला जातो. ज्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने सेवा घेतली गेली, त्यांना "सेवा करा" असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? या प्रश्नाचे सरळ उत्तर दिल्याशिवाय समाजकार्यावर भाषणे देणे व्यर्थ आहे.

प्रथम वेठ म्हणजे काय ते आठवू. गावची वेस राखणे, सरकारी टपाल परगावी पोचविणे, कोणाच्या घरी मयत झाले तर उन्हातान्हात ती वार्ता घेऊन जाणे, पाटलाच्या दारी लाकडे फोडणे, मेलेले ढोर ओढणे ही सारी कामे महाराने जन्माने करावयाची होती. मोबदला म्हणून वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेली भाकर. या कामाला गावाने सेवेचे गोड नाव दिले होते. बाबासाहेबांनी त्या गोड नावाखालची गुलामगिरी ओळखली. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. ती वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मेलेले ढोर ओढणे सोडा, मृतमांस सोडा, ही महाडची शिकवण १९२७ ची. तेव्हा आपल्या चळवळीचा पाया नकारात आहे. "हे काम आम्ही करणार नाही" असे म्हणण्याचे धैर्य हा आपला पहिला धडा होता. त्या मुलाने तोच धडा गिरवला. त्यात चूक ती काय?

पण आपली चळवळ नकारावर थांबली नाही. महाडच्या आधीच, २० जुलै १९२४ रोजी, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि त्या सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. गावची वेठ नाकारणारी माणसेच परक्या मुलांच्या जेवणाची आणि अभ्यासाची चिंता वाहू लागली. समता सैनिक दलाच्या तरुणांनी परिषदांची व्यवस्था राखली, तीही पगाराविना. राबणारे हात तेच होते. मग बदलले काय?

याचे उत्तर शोधताना मला विनयपिटकातील महावग्गाची एक कथा आठवते. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंच्या निवासांतून फिरत असता त्यांना एक भिक्खू आजारी पडलेला दिसला. त्याला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात लोळत पडला होता. भगवंतांनी विचारले, तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय? तो म्हणाला, नाही. का नाही? तर म्हणे, मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे पाहत नाहीत.

उपासक-उपासिकांनो, या उत्तरावर क्षणभर थांबा. संघासारख्या संघातही देवघेवीचा हिशेब शिरला होता! जो माझ्या कामाचा नाही, त्याचे मी काही करणार नाही, हा तो हिशेब. तथागतांनी तेव्हा प्रवचन दिले नाही. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायाकडून उचलून त्या भिक्खूला नीट निजविले. उपदेश झाला तो त्यानंतर. तुमची काळजी घ्यायला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करील, असे त्यांनी भिक्खूंना विचारले. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची करावी, असाही त्या उपदेशाचा भाव आहे.

या कथेत घाण आहे, पण हलकेपणा नाही. शाक्यकुळातील पुरुषाने ती धुतली आणि त्यामुळे तो हीन झाला नाही. घाण काढण्यात हीनपणा नसतो, तो काम कोणाच्या तरी जन्माला चिकटविण्यात असतो. वेठ आणि सेवा यांतला भेद येथे हाती लागतो. काम कोणते आहे यावरून तो ठरत नाही. काम करणारा आणि ज्याचे काम होते तो, या दोघांचे नाते काय आहे यावरून तो ठरतो.

मी माझ्यापुरत्या तीन कसोट्या मानतो. पहिली, ज्याला "नाही" म्हणता येते त्याचेच "होय" खरे. विहारात काम सांगताना नकार देणाऱ्याला नावे ठेवली जात असतील तर तेथे वेठ आली. दुसरी, पाळी सर्वांची असावी. आपल्या अनेक विहारांत झाडू उपासिकांच्या हाती आणि ध्वनिक्षेपक उपासकांच्या हाती असतो. खीर शिजविणाऱ्या बाया मागे आणि हार घालून घेणारे पुढे. किंवा जे घर नव्याने धम्मात आले त्याच्याकडे सतरंज्या आणि जुन्या घरांकडे खुर्च्या. ही गावकीच झाली, फक्त पत्ता बदलला. तिसरी कसोटी, ज्याची सेवा केली त्याची मान खाली जाऊ नये. शंभर वह्या वाटायच्या, मुलांना रांगेत उभे करून फोटो काढायचे आणि नाक्यावर फलक लावायचा, हा घेणाऱ्याच्या गरिबीचा सौदा आहे.

येथे कोणी म्हणेल, धम्म तर चित्तशुद्धीसाठी आहे. पंचशील पाळावे, ध्यान करावे, समाजाच्या उठाठेवी कशाला? हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या प्रस्तावनेत स्वतःच उभा केला आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभी ते विचारतात की, भिक्खू निर्माण करण्यात बुद्धाचा हेतू काय होता? केवळ परिपूर्ण पुरुष घडविणे, की लोकांच्या सेवेला वाहून घेतलेला, त्यांचा मित्र आणि मार्गदर्शक असा समाजसेवक घडविणे? भिक्खू हा नुसताच परिपूर्ण पुरुष असेल तर तो स्वार्थी ठरेल आणि धम्मप्रसाराला निरुपयोगी होईल, पण समाजसेवक असेल तर त्याच्यावर आशा ठेवता येईल, असा त्यांचा अभिप्राय आहे. चीवर धारण करणाऱ्याला जे लागू, ते गृहस्थाला कमी प्रमाणात का होईना लागू आहेच. दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत समतेची प्रतिज्ञा आहे, प्राणिमात्रावर दयेची आहे आणि दहा पारमितांचीही आहे. त्या पारमितांत दान आणि मैत्री येतात.

आता मैत्री कोणाशी? याचा धडा कुर्ल्याला पुस्तकातून घ्यावा लागला नाही. २६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विहार आणि पवई तलावांचे सांडपाणी घेऊन माहीमच्या खाडीकडे जाणारी मिठी नदी फुगली आणि कुर्ला पश्चिमेच्या क्रांतीनगर, संदेशनगर, बैलबाजार या वस्त्यांत शिरली. मुंबईत चारशेहून अधिक माणसे त्या आपत्तीत गेली. लोकल बंद पडल्या, माणसे रुळांवरून आणि कमरेएवढ्या पाण्यातून घराकडे चालत निघाली. त्या रात्री ज्याचे घर उंचावर होते त्याने दार उघडले. रस्त्यावर अनोळखी माणसांना चहा, पाणी, बिस्किटे दिली गेली. देणाऱ्याने घेणाऱ्याला जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. मशीद, विहार, मंदिर यांतील अंतर त्या रात्री पाण्याने मिटविले.

मात्र पाणी ओसरले आणि अंतर पुन्हा दिसू लागले. प्रत्येकाने आपापल्या लोकांची यादी केली. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, जातीने सार्वजनिक वृत्ती मारली. माणसाचे दान जातीत सुरू होते आणि जातीतच संपते. तो दोष दुसऱ्याच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपली मदत आपल्या विहाराच्या उंबरठ्यावर संपत असेल तर आपण धर्म बदलला, वृत्ती बदलली नाही. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेची आठवण ठेवा. मंडपाला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. ती जागा आपलीच होती म्हणून कोणी दिली नव्हती. ते ऋण शेजाऱ्याच्याच दारी फेडावयाचे असते.

आता त्या मुलाच्या फावड्याकडे येतो. त्याचे म्हणणे अर्धे बरोबर होते, हे मी कबूल करतो. आवार झाडणे हे श्रमदान. परंतु तुंबलेले गटार उपसणे हे महानगरपालिकेचे काम आहे. त्यासाठी आपण कर भरतो आणि त्यासाठी पगारी कामगार, यंत्रे व साधने असली पाहिजेत. हातांनी मैला साफ करून घेण्यावर आणि माणसाला संरक्षणाविना गटारात उतरविण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या मुलांनी हौसेने उघड्या हातांनी ते करणे ही सेवा नव्हे. पालिकेला सवलत आणि आपल्या सफाई कामगार बंधूंच्या हक्काला धक्का, एवढाच त्याचा अर्थ. तेथे सेवा म्हणजे अर्ज लिहिणे, दहा घरांच्या सह्या घेणे, पालिकेच्या एल विभाग कार्यालयात जाऊन तो दाखल करणे आणि काम होईपर्यंत पुन्हा पुन्हा जाणे. हक्क मागणे हेही समाजकार्यच आहे. जो हक्क सोडून सेवा करतो तो नकळत वेठीकडे वळतो.

उरलेले अर्धे मात्र त्या मुलाने ऐकावे. शीव आणि भाभा रुग्णालयात आजही खेड्यातून आलेला रुग्ण नातेवाइकाविना पडलेला असतो. त्याच्या उशाशी एक रात्र बसायला पालिका माणूस पाठवीत नाही. वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास न होणारी मुले आहेत. विहार रात्री दोन तास उघडा ठेवून दिवा लावला तर अभ्यासिका होते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, पण दाखला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा हे नवदीक्षित आईबापांना कोणी समजावून सांगत नाही. ज्याला दोन अक्षरे अधिक येतात त्याचा एक रविवार तेथे लागला तर एका मुलाचे वर्ष वाचते. ही कामे कोणी सक्तीने करून घेऊ शकत नाही. म्हणूनच ती सेवा आहेत.

महापुरात दार उघडणे त्या मानाने सोपे होते. पाणी सर्वांच्याच दारी होते. कोरड्या दिवसात, कोणी पाहत नसताना, जो माझ्या काही उपयोगी पडत नाही त्याच्याकडे जाणे कठीण आहे. तो अतिसाराने पडलेला भिक्खू अशाच कोरड्या दिवसात पडून होता आणि शेजारून शीलवान माणसे ये-जा करीत होती.

त्या रविवारी विहाराचे आवार आळीपाळीने झाडण्याचे ठरले. यादीत पहिले नाव सूचना मांडणाऱ्या वयोवृद्ध उपासकांनी आपले स्वतःचे लिहिले. गटाराचा अर्ज लिहिण्याचे काम त्या मुलाने मागून घेतले.

आपल्या आजोबांना नाही म्हणता आले नाही. आपल्याला ते म्हणता येते, हे बाबासाहेबांचे देणे आहे. ते देणे हाती असलेल्या माणसाने कोणाच्या हाकेला स्वखुशीने "येतो" म्हणावे, यातच त्याच्या दीक्षेची परीक्षा आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.