मुक्काम धरणाकाठी की राजूरला?

भंडारदऱ्याला शनिवार-रविवार गाठून निघालेला मुंबई-पुण्याचा माणूस मुक्काम शोधतो तो एकाच निकषावर: उठल्याबरोबर समोर पाणी दिसलं पाहिजे. त्यामुळे शेंडी, मुरशेतकडचा काठ आधी भरतो आणि राजूर उरतं ते चहाला थांबण्यापुरतं, फार तर एटीएमपुरतं. माझं म्हणणं असं की अकोले तालुक्याच्या या पट्ट्यात एकदोन रात्री काढायच्या असतील तर बहुतेकांनी राजूरलाच उतरावं. एक कारण साधं भूगोलाचं आहे. घोटीहून बारी आणि रंधा धबधब्यावरून येणारा रस्ता आणि संगमनेर-अकोल्याहून चढत येणारा रस्ता इथे एकमेकांना मिळतात. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईकडेही इथून जाता येतं. धरणाकाठी तंबू घेणाऱ्याला पाचनई दूर पडते, आणि मग ‘सगळं पाहून घेऊ’ या हट्टापायी सुट्टीचा निम्मा वेळ घाटरस्त्यावर जातो. पण सोय हा माझ्या म्हणण्याचा किरकोळ भाग झाला.

खरा मुद्दा काठाचा आहे. प्रवरेवरचं हे धरण 1926 साली पुरं झालं. अडलेलं सुमारे 11 टीएमसी पाणी कालव्यांनी खालच्या तालुक्यांच्या शेतीला गेलं, तिथे ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले. वरच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांकडे राहिली उताराची, नागली-वरई पिकवणारी वरकस जमीन. आज त्याच जमिनीला ‘लेक व्ह्यू’ म्हणून भाव आला आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, गहाण टाकायची किंवा भाडेपट्ट्याने द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे सरकारी परवानगी लागते, ही तरतूद 1974 पासून आहे. तंबू एका नावाचा, जमीन दुसऱ्या नावाची, फोनवर बुकिंग घेणारा तिसराच, अशी मांडणी जिथे दिसेल तिथे पाहुण्याने दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. त्यात उन्हाळ्यात पाणी मागे हटतं तसे तंबू पुढे सरकतात. तात्पुरत्या संडासांचं काय होतं हे जाहिरातीत छापलेलं नसतं, आणि हेच पाणी खाली लोक पितात. राजूर ही जुनी बाजारपेठ आहे. आठवड्याचा बाजार, पोलीस ठाणं, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय, दूरच्या वाड्यांवरून येणारी पोरं शिकतात ती शाळा-कॉलेजं, हे सगळं पर्यटक येवो न येवो चालू असतं. जिथे वस्ती मुळातच दाट आहे तिथे चार खोल्या वाढल्याने जेवढा भार पडतो, त्याहून कितीतरी जास्त भार रिकाम्या काठावरच्या चार तंबूंचा पडतो.

यावर पहिला आक्षेप काजव्यांचा येईल. मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लुकलुकतात ती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या रानात, राजूरच्या पेठेत नव्हे. मग रात्री गाडी हाणत परतायचं, तर हेडलाइट वाढणार. आक्षेप खरा आहे. नर काजवा मादीला खुणावतो तो प्रकाशाने, आणि मोटारींच्या झोतात तो इशारा बुडतो. म्हणून काजव्यांसाठी येणाऱ्याने राजूरचा आग्रह धरू नये; उजेडीच पोहोचून रतनवाडी, उडदावण्यासारख्या गावात कुणाच्या घरी उतरावं, चुलीवरची भाकरी खावी, पैसे घरधनिणीच्या हातात द्यावेत आणि सकाळ होईपर्यंत गाडीला हात लावू नये. घरातला मुक्काम आणि काठावरचा तंबू यांत फरक आहे. घर आधीपासून तिथे असतं.

दुसरा आक्षेप असा, की पेठेतला पैसा तरी आदिवासीच्या हाती कुठे राहतो? लॉजमालक आणि व्यापारी बहुतेक ठिकाणी वेगळेच असतात. ते कबूल करूनही मला बाजार जवळचा वाटतो, कारण तिथे व्यवहार उघड्यावर होतो. नागली, वरई, बाळहिरडा घेऊन उतरणारी बाई भाव पटला नाही तर पाटी उचलून पुढच्या दुकानात जाऊ शकते. तंबूवाल्याकडे महिन्याच्या पगारावर भांडी घासणाऱ्या तिच्या मुलाला घासाघीस करायला वाव नसतो. आणि डांगी जनावरांचं प्रदर्शन राजूरला भरतं तेव्हा गेलात तर मुसळधार पावसाला न जुमानणारी ही तेलकट कातडीची काळी-पांढरी गुरं हा प्रदेश जेवढा समजावून सांगतात, तेवढा धरणाचा फोटो सांगत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो. पाहुणे गावात शिरले की भाडी चढतात आणि मूळचा भाडेकरू बाहेर पडतो. बार्सिलोनाने 2024 साली जाहीर केलं की 2028 नंतर पर्यटकांना द्यायच्या फ्लॅटचे परवाने वाढवून मिळणार नाहीत, ते याच कारणासाठी. राजूरमध्ये हा भाडेकरू म्हणजे वसतिगृहात जागा न मिळाल्याने खोली घेऊन राहणारा विद्यार्थी. त्याच्या खोलीचा दर शनिवारच्या पर्यटकाने ठरवला, तर माझा सगळा युक्तिवाद उलटा पडेल. म्हणून माझा सल्ला लॉजपुरता आहे. राहत्या घरांतल्या भाड्याच्या खोल्या दोन रात्रींच्या गिऱ्हाइकासाठी रिकाम्या होऊ लागल्या, तर ग्रामपंचायतीने त्या वेळीच अडवाव्यात. आज पाहुणा राजूरला थांबतच नाही, म्हणून हे करणं सोपं आहे. एकदा घरमालकाला शनिवारच्या दराची चटक लागली की ठराव करायला सदस्य मिळणार नाहीत.