एकदा रडावे की वारंवार?

आमच्या घरात लहानपणापासून एक म्हण ऐकत आलो. बाजारातून कोणी स्वस्तातली वस्तू घेऊन आले आणि ती महिन्याभरात मोडली की दादी म्हणायची, ‘महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार.’ महाग वस्तू घेणारा पैसे मोजताना एकदाच रडतो, स्वस्त घेणारा ती वस्तू मोडेल तेव्हा तेव्हा रडतो. दादीचे शालेय शिक्षण झालेले नव्हते, पण ही म्हण म्हणजे तिचे अर्थशास्त्र होते. पुढे आम्ही शिकलो, बी.एड. केले, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवू लागलो, तरी या म्हणीवरचा आमचा विश्वास ढळला नाही. तो ढळला एका विद्यार्थ्याच्या आईमुळे. त्या प्रसंगाकडे येण्यापूर्वी मूळ प्रश्न नीट मांडायला हवा.

प्रश्न असा की, घरातल्या वापराची वस्तू घेताना जास्त पैसे देऊन चांगली, टिकाऊ वस्तू घेणे हा शहाणपणा की उधळपट्टी? आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. साधेपणा ही दीनची शिकवण आहे, असे आपण प्रत्येक वाअजमध्ये ऐकतो. मग शेजारच्या दुकानात चारशेला कढई मिळत असताना बाराशेची कढई घेणाऱ्या बाईला ‘इसराफ’ करणारी म्हणायचे का?

आम्हाला वाटते की येथे ‘साधे’ आणि ‘स्वस्त’ या दोन शब्दांची गल्लत होते. कुरआनमध्ये खर्चाविषयी जी शिकवण आहे ती किमतीच्या आकड्याविषयी नाही. सूरह अल-फुरकानमध्ये (25:67) अल्लाहच्या नेक बंद्यांचे वर्णन करताना सांगितले आहे की ते खर्चात अतिरेकही करीत नाहीत आणि कंजूषीही करीत नाहीत, दोहोंच्या मधून चालतात. सूरह बनी इसराईलमध्ये (17:26-27) ‘तबजीर’ म्हणजे उधळपट्टीचा कडक शब्दांत निषेध आहे. या दोन्ही ठिकाणी निषेध वाया घालवण्याचा आहे. आता बाराशेची कढई वीस वर्षे चालली आणि चारशेची दर दोन वर्षांनी भंगारात गेली, तर वाया कोणाचे गेले? पैसा गेला, धातू गेला, तो घडवणाऱ्या कारागिराची मेहनतही गेली. हिशोब कढई घेतल्याच्या दिवशी करायचा नसतो, ती टाकून देण्याच्या दिवशी करायचा असतो.

आपल्या आधीच्या पिढ्या हा हिशोब जाणत होत्या. दादीच्या स्वयंपाकघरात तांब्याची दोन पातेली आणि एक देग होती. तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कल्हई लावावी लागे. वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला मोहल्ल्यात यायचा, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, भांडे तापवून त्यावर नवसागर टाकायचा आणि मग कथील फिरवायचा. कथील साधारण 232 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून भांडे किती तापले हे त्याला नजरेनेच ओळखावे लागे. पांढऱ्या धुरातून भांडे चांदीसारखे लखलखून बाहेर येई आणि आम्ही मुले टक लावून पाहत बसू. त्या भांड्यांवर दादीच्या वडिलांचे नाव कोरलेले होते. अडीअडचणीच्या काळात त्यांतले एक पातेले वजनावर मोडीत विकले गेले आणि त्या पैशांत घरातले एक आजारपण निभावले. म्हणजे ते भांडे भांडेही होते आणि बाईची शिल्लकही होती. आजच्या पातळ पत्र्याच्या भांड्याला मोड म्हणून काय मिळते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. प्लास्टिकच्या बादलीचे तर बोलायलाच नको.

गादीचेही तसेच. आपल्यातल्या पिंजारी बिरादरीने पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केले. कापसाची गादी दबली की ती उसवायची, कापूस पिंजायचा, थोडी भर घालायची आणि पुन्हा शिवून घ्यायची. गादी तीच, खोळ नवी. फोमची गादी एकदा मधोमध बसली की तिला कोणी उठवू शकत नाही. पण येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कापसाची गादी जड असते, तिला ऊन दाखवावे लागते आणि ती उचलून गच्चीवर नेण्याचे काम घरातल्या पुरुषाने केल्याचे आम्ही फारसे पाहिलेले नाही. तांब्याची भांडी चिंचेने घासून घासून दादीच्या हाताला चिरा पडलेल्या असत. टिकाऊ वस्तू टिकते, कारण तिला कोणीतरी टिकवत असते. जुन्या वस्तूंचे गोडवे गाताना तो ‘कोणीतरी’ कोण होता, हे विसरून चालणार नाही. प्रेषित मुहम्मद (स.) घरी आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, कपडे स्वतः शिवीत, असे हजरत आयेशा (र.) यांच्याकडून आलेल्या रिवायतींत आहे. ही सुन्नत दाढी आणि मिसवाकइतकी आपल्या चर्चेत का येत नाही, हा प्रश्न पुरुष वाचकांनी स्वतःला विचारावा.

आता त्या आईचा प्रसंग. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे दप्तर वर्षात तिसऱ्यांदा फाटले. पुस्तके हातात धरून तो शाळेत येऊ लागला. आम्ही त्याला वर्गासमोर बोललो, वस्तू नीट वापरता येत नाही का म्हणून. नंतर त्याच्या आईला बोलावून घेतले आणि दादीची म्हण ऐकवली. वर हिशोबही मांडला. अडीचशेची तीन दप्तरे म्हणजे साडेसातशे झाले. त्यापेक्षा सातशेचे एक घेतले असते तर तीन वर्षे चालले असते. तीन वर्षांचा हिशोब केला तर तुमचे सव्वादोन हजार जातात आणि आमचे सातशे.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “आपा, हिशोब तुमचा बरोबर आहे. पण सातशे रुपये एका दिवशी आमच्या हातात कधी असतात? हे लूमवर जातात, हप्त्याला पगार मिळतो. किराणा, भाडं, दवा निघाली की दोन-अडीचशे उरतात. जे उरतात त्याचं दप्तर येतं. महाग घेऊन एकदा रडायला आम्हाला कोण देतं?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. दादीची म्हण खोटी नव्हती, पण अर्धी होती. एकदाच रडण्याची सवलत ज्याच्या गाठीला रक्कम आहे त्यालाच मिळते. ज्याच्याकडे नाही त्याला वारंवार रडावे लागते आणि वर आमच्यासारख्यांची शिकवणीही ऐकावी लागते. गरीब माणूस स्वस्त वस्तू घेतो म्हणून त्याचा खर्च कमी होतो, हा समज चुकीचा आहे. तीन वर्षांत तो श्रीमंतापेक्षा तिप्पट पैसे मोजतो आणि तरी त्याच्या मुलाच्या खांद्यावर फाटकेच दप्तर असते. त्या मुलाला आम्ही वर्गासमोर बोललो, याची लाज आम्हाला आजही वाटते.

तेव्हा ‘चांगले घ्या, टिकाऊ घ्या’ हा उपदेश करण्यापूर्वी ते घेता कसे येईल, हे पाहायला हवे. बाजार त्यावर हप्त्यांचा उपाय सांगतो. पण हप्त्यात व्याज असते आणि आपल्यातल्या अनेक घरांना व्याज नको असते. ज्यांना चालते त्यांनाही ती वस्तू शेवटी आणखी महाग पडते. त्याऐवजी आपल्या मोहल्ल्यातल्या बायका पूर्वीपासून जी भिशी चालवतात ती आम्हाला मोलाची वाटते. दहा जणींनी महिन्याला दोनशे टाकले तर दर महिन्याला एकीच्या हातात दोन हजार येतात आणि त्यावर एक पैसाही व्याज नसते. हे पैसे बहुधा लग्नकार्यात जातात. त्यांतून एखादा चांगला कुकर, एखादे शिलाई मशीन, एखादे मजबूत दप्तर घेतले जावे. कर्जे हसना देणाऱ्या आपल्या जमातींनीही आजारपण आणि फी यांच्या जोडीला अशा वस्तूंचा विचार करायला हरकत नाही.

यात विकणाऱ्याचाही वाटा आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले आणि ते वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. इमाम अबू हनीफा (र.) कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. दोष असलेले कापड दोष न सांगता विकले गेले, तेव्हा त्यांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. आज तो ओला दाणा पत्र्याच्या जाडीत, शिलाईच्या टाक्यात, तारेच्या आतल्या तांब्यात लपलेला असतो. ग्राहक बाहेरून पाहून तो ओळखू शकत नाही. म्हणून कुकरसारख्या वस्तूवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे आणि 2022 साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमून नंतर एक पोर्टलही सुरू केले. कायदा आपले काम करील. पण आपल्या दुकानदार भावांना कायद्याच्या आधीपासून एक जबाबदारी दिलेली आहे, हे त्यांना सांगायला नको.

येथे उलट बाजूही पाहिली पाहिजे. ‘आम्ही चांगलेच घेतो’ हे म्हणणे पुष्कळदा नावासाठी, मिरवण्यासाठी असते. जहेजमध्ये एक्कावन्न भांडी मांडायची म्हणून पातळ पत्र्याची एक्कावन्न घेणारे जसे आपल्यात आहेत, तसेच काचेच्या कपाटात बंद ठेवण्यासाठी महागडे सेट घेणारेही आहेत. दोघांचीही भांडी चुलीवर चढत नाहीत. घरातल्या रोजच्या गरजेच्या सामानावर जकात नाही. पण जकात घेण्यास कोण पात्र हे ठरवताना गरजेपेक्षा जास्त पडून असलेले सामान हनफी उलेमा हिशोबात धरतात. म्हणजे गरज आणि पसारा यांतली रेघ फार पूर्वीच आखलेली आहे. किंमत मोजली ती वस्तूच्या कामासाठी की लोकांच्या नजरेसाठी, एवढे स्वतःला विचारले तरी ती रेघ दिसते.

शेवटी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. रमजानमध्ये कापडाच्या दुकानांत एक वेगळा ढीग असतो. ‘जकातच्या साड्या’ म्हणून तो ओळखला जातो. आपण स्वतःसाठी साडी घेताना पदर ताणून पाहतो, रंग जाईल का विचारतो. त्या ढिगाला मात्र हात लावून पाहत नाही, नगावर मोजून घेतो. दोन धुण्यांत ती साडी जाळीदार होते. सूरह अल-बकराच्या एका आयतीत (2:267) नेमके हेच बजावले आहे की, तुम्ही स्वतः डोळे झाकल्याशिवाय घेणार नाही असे निकृष्ट निवडून देऊ नका. आम्हीही अनेक वर्षे तो ढीग घेतला. वीस घरांत एकेक साडी गेली याचे समाधान मानले. त्या आईचे बोलणे ऐकल्यावर लक्षात आले की स्वस्त वस्तूच्या ज्या फेऱ्यात ती अडकली आहे, त्या फेऱ्यात आणखी एक वस्तू आम्ही आमच्या हातांनी टाकत होतो आणि त्याला सवाब समजत होतो.

कोणी म्हणेल, वीस साध्या साड्यांऐवजी दहा चांगल्या दिल्या तर उरलेल्या दहा जणींनी काय करायचे? हा आक्षेप खोटा नाही आणि त्याचे पूर्ण समाधान होईल असे उत्तर आमच्यापाशी नाही. त्या दहा जणींचा विचार मनातून जात नाही. पण कडाक्याच्या थंडीत जी चादर ऊब देत नाही ती दिली काय आणि न दिली काय, देणाऱ्याच्या वहीतला आकडा तेवढा वाढतो. जकातीत घेणाऱ्याला त्या मालाचे मालक करायचे असते. मग रोख रक्कम तिच्या हातात देऊन, तुला काय हवे ते तू घे, असे म्हणायला आपल्याला इतके जड का जाते? तिला निवडता येणार नाही, असे आपण धरून चालतो. वास्तविक अडीचशे रुपयांत घर चालवणारीला आपल्यापेक्षा चांगले निवडता येते. आजवर तिच्या हातात निवडण्याइतकी रक्कम आली नव्हती, इतकेच.

गेल्या रमजानमध्ये आम्ही त्या ढिगाकडे गेलो नाही. जेवढी जकात निघाली तिचे थोडेच भाग केले आणि पाकिटे घरोघरी पोहोचवली. शाळा सुरू झाल्यावर एका मुलाच्या खांद्यावर जाड कापडाचे, दुहेरी शिलाईचे दप्तर दिसले. त्याने ते आमच्या टेबलावर ठेवून उघडून दाखवले. पुस्तके आत नीट लावलेली होती.

आपल्या घरात येणारी वस्तू आणि आपल्या हातून दुसऱ्याच्या घरात जाणारी वस्तू, या दोन्ही एकाच नजरेने पारखून घेण्याची तौफिक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.