तारीख आणि वंशावळ

१४ जानेवारी १७६१, पानिपत. ही तारीख आली की महाराष्ट्रातली कितीतरी घराणी आपला एखादा पूर्वज त्या रणात शोधू लागतात. माझं म्हणणं असं, की तारखेकडून पूर्वजाकडे न जाता पूर्वजाकडून तारखेकडे जावं. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी एकेक पिढी पुराव्याने जोडत मागे सरकावं आणि पुरावा संपेल तिथे थांबावं. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, गावच्या वतनाचे कागद, पुण्याच्या पुराभिलेखागारातलं मोडी दप्तर ही त्या वाटेवरची ठिकाणं. परंपरेने ऐकलेली गोष्टही तपासून घ्यावी लागते. युद्ध संक्रांतीच्या दिवशी झालं असं आपण सहज म्हणतो, पण त्या वर्षी संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती; युद्धाची तिथी पौष शुद्ध अष्टमी.

कुणी विचारेल, ज्यांना वतन नव्हतं, ज्यांची नावं कुणी लिहिलीच नाहीत, त्यांनी काय करायचं? हा आक्षेप खरा आहे आणि मनाला लागणारा आहे. पानिपतावर मराठ्यांचे सेनापती असलेल्या भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर यात्रेकरू, बायका, नोकरचाकर, बाजारबुणगे असे हजारो लोक होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचं नाव कुठेच उरलं नाही. अशा घरांनी कुलदैवत, मूळ गाव, स्थलांतराच्या कहाण्या हाही पुरावाच मानावा. फक्त त्याला कागदाची खात्री चिकटवू नये. आणि आजी-पणजींची माहेरची नावं घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावीत, कारण छापील वंशावळींत ती सहसा नसतात.