परतीचं सामान

भैंसा गावाला लागून गड्डेन्ना वागूचं धरण आहे. त्या धरणावर एक तरुण भोई मासे धरायचा. पहाटे तो पुट्टीत बसून पाण्यात शिरायचा आणि ऊन चढायच्या आत रोहू, कटला घेऊन बाजारात पोचायचा. पुट्टी म्हणजे बांबूची गोल होडी. तिला पुढचं टोक नसतं, मागचंही नसतं. नवख्या माणसानं वल्हं मारलं तर ती जागच्या जागी गरगर फिरते. हा मात्र तिला सुतात नेल्यासारखी सरळ न्यायचा. मरळ कुठल्या गवतात बसते, गढूळ पाणी आलं की वाम कुठं सरकते, सगळं त्याला ठाऊक होतं.

एका साली पाऊस कमी झाला. धरणाचं पाणी खाली गेलं आणि कमाई आटली. गावचा एक जण कोकणात, हर्णैच्या बंदरात, बर्फ फोडायच्या कामाला होता. त्यानं निरोप धाडला, "इकडं ये. काम हाय." आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पोरगा बासरला आला, गंगेत एक नाणं टाकलं आणि देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसला. गोदावरीला त्या भागात गंगाच म्हणतात.

तो पोचला तेव्हा जून-जुलैची मासेमारीबंदी नुकतीच उठली होती. नारळी पौर्णिमेला कोळ्यांनी समुद्राला नारळ वाहिला. बंदरात होड्यांची लगबग सुरू झाली. पोरगा टोपल्या उचलायचा, बर्फ ओढायचा आणि हात रिकामे झाले की पाण्याकडे बघत उभा राहायचा. एवढं पाणी त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आणि जो आयुष्यभर पाण्यावर जगला, त्याला पाण्याच्या काठावर राहून करमत नव्हतं.

जवळच आंजर्ल्याच्या खाडीत एका म्हाताऱ्या तांडेलाची लहान होडी होती. मोठ्या बोटींवरचं काम त्यानं सोडलं होतं. मागे छोटं इंजिन लावलेल्या त्या होडीतून तो एकटाच गळ टाकायला जायचा. पोरगा त्याच्याकडे गेला.

"काका, मला न्या ना एकडाव समुद्रात. मला मासे धरता येतात."

म्हाताऱ्यानं विचारलं, "तयारी काय आहे तुझी?"

पोराजवळ पिशवी होतीच. त्यानं गळ काढून दाखवले, दोर दाखवला, शिसं दाखवलं. पाग विणायची सुईसुद्धा दाखवली.

"हे मासे धरायचं झालं," म्हातारा म्हणाला. "परत यायचं सामान कुठं आहे?"

पोरगा हसला. "परत यायला काय लागतं काका? आमच्या धरणात कुठूनबी वल्हं मारा, काठ लागतोच."

म्हातारा हसला नाही. तो म्हणाला, "इथं तीन बाजूंना वल्हं मारलंस तर काठ लागत नाही. उद्यापासून ये. पण होडीत बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं त्याला खाडीच्या मुखाशी नेऊन बसवलं. म्हणाला, "नुसतं बघ." पोरगा बसला. त्याच्या डोळ्यांदेखत पाणी चढलं, काही वेळ थांबलं आणि उतरू लागलं. मुखाशी पाण्याखाली वाळूचा एक बांध होता. भरतीला तो कुठं आहे हे कळतसुद्धा नव्हतं. ओहोटीला मात्र त्याच्यावर लाटा फुटत होत्या. घरच्या धरणाचं पाणी महिन्यांत चढायचं आणि महिन्यांत उतरायचं. इथं तेच दिवसातून दोनदा होत होतं आणि रोज पाऊण तासानं पुढं सरकत होतं.

"वेळ कशी कळते मग?" त्यानं विचारलं.

"आज तिथी कोणती?"

"पंचमी." घरी आई पंचांग बघायची, त्यामुळे तिथी त्याच्या तोंडावर होती.

"तिची पाऊणपट कर. पावणेचार. पावणेचारच्या सुमाराला भरती पुरी. पुनवेला, अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा त्याला जोर नसतो."

पोराला नवल वाटलं. चतुर्थी, एकादशी त्याच्या घरी उपासासाठी मोजत होते. तीच मोजणी इथं होडी आत घ्यायला लागत होती.

मग दोराचे दिवस आले. धरणात पुट्टी थांबवायची तर दगड बांधून सोडला की झालं. इथं म्हाताऱ्यानं नांगराला पाच वाव पाण्यासाठी पंचवीस वाव दोर मोजायला लावला. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होते तेवढी लांबी. पोराला ते उधळेपण वाटलं. मग म्हाताऱ्यानं वाळूतच नांगर ठेवला आणि त्याला आखूड दोरानं उभ्या उभ्या ओढायला सांगितलं. नांगर उचलला गेला. लांब दोर जमिनीलगत ठेवून ओढला तेव्हा नांगराचे दात वाळूत रुतत गेले आणि पोराला तो हलवता येईना. त्या दिवसापासून त्यानं दोराबद्दल कुरकुर केली नाही. रोज संध्याकाळी तो दोर हातातून सरकवायचा आणि कुठं तंतू तुटले आहेत ते बोटांनी शोधायचा.

पेट्रोलचे म्हाताऱ्यानं तीन भाग केले होते. एक जायचा, एक यायचा, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन होते. त्यातला एक मुखाच्या आत आल्याशिवाय उघडायचा नव्हता. इंजिनाचा जादा प्लग होता आणि इंजिन बंद पडलंच तर दोन वल्ही होती. पाणी उपसायला डबा होता. बॅटरी होती, शिट्टी होती. लाइफ जॅकेट अंगात घालायचं होतं. बसायला मऊ म्हणून बुडाखाली घेतलेलं जॅकेट म्हाताऱ्यानं एकदा काही न बोलता ओढून काढलं आणि त्याच्या गळ्यात घातलं.

म्हाताऱ्याची नात शाळेत जात होती. आजोबांना समुद्राचा अंदाज मोबाइलवर वाचून दाखवायचं काम तिचं होतं. लाट किती उंच येईल, वारा कुठून वाहील, ती सगळं वाचायची.

"हे कोण सांगतं?" पोरानं विचारलं.

"हैदराबादहून येतं," ती म्हणाली. "तिथं समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र आहे, 1999 सालापासून. त्सुनामीचा इशारासुद्धा तिथूनच देतात."

पोरगा गप्प झाला. भैंशाची माणसं दवाखान्याला, कोर्टकचेरीला, कामाला हैदराबादला जातात. त्या शहरातून समुद्र दिसतसुद्धा नाही. तिथं बसून कोणीतरी या खाडीपुढच्या लाटा मोजतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंही मग तिला विचारलं, "आमच्या धरणाचं पाणी गंगेला जातं. मंग ते इथंच येत असंल ना?"

नातीनं भूगोलाचं पुस्तक आणलं. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते. तिथून हा पश्चिमेचा समुद्र जेमतेम 80 किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. पोरगा बराच वेळ त्या निळ्या रेघेवरून बोट फिरवत राहिला.

जायचा दिवस एकदा ठरला आणि मोडला. पहाटे पाणी शांत होतं, पण अंदाजात लाटा वाढतील असं होतं. म्हाताऱ्यानं सामान परत घरात नेलं. दुपारी बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला. पोरानं बावट्याकडे बघितलं आणि पुन्हा दोर तपासायला बसला.

अखेर एका तृतीयेला जायचं ठरलं. आदल्या रात्री दोघांनी होडी भरली. नांगर, दोर, पाणी, पेट्रोल, प्लग, वल्ही, भाकरी, गूळ. मासे धरायचं सामान सगळ्यात शेवटी आलं, आणि ते एका लहान डब्यात मावलं. म्हाताऱ्यानं घरात सुनेला सांगितलं, "तीनपर्यंत नाही आलो तर शेजारच्या तांडेलाला सांग. त्याला दिसलो नाही तर 1554 ला फोन कर, तटरक्षक दलाला. कुठं जातोय ते भिंतीवर लिहिलंय."

पहाटे ते निघाले. जमिनीवरून मतलई वारा वाहत होता, पाणी उतरत होतं. दोघांनी मिळून होडीला अलगद बाहेर नेलं. थोडं पुढं गेल्यावर पोराच्या पोटात ढवळलं. आयुष्यभर गोल पुट्टीत फिरलेल्या माणसाला बोट लागली. तो होडीच्या तळाकडे बघत बसला आणि अजूनच कासावीस झाला.

"खाली बघू नको," म्हातारा म्हणाला. "काठाकडं बघ. लांब बघ."

पोरानं मान वर केली. उजाडलं होतं. कड्यावरच्या गणपतीचं देऊळ दिसत होतं, त्याच्यामागे डोंगराचं एक टोक. दुसऱ्या बाजूला सुवर्णदुर्गाचा तट आणि त्याच्यापलीकडे हर्णैचा दीपस्तंभ. तो बघत राहिला. देऊळ हळूहळू डोंगराच्या टोकाखाली सरकलं. तटाचा कोपरा दीपस्तंभाला येऊन भिडला. दोन्ही जुळले तशी म्हाताऱ्यानं इंजिन बंद केलं.

"ही आपली जागा. पाण्यावर खूण करता येत नाही. खूण काठावर असते."

नांगर पडला. पोटातली ढवळ शांत झाली होती. गळ खाली गेले. बराच वेळ काही लागलं नाही. मग एक ढोमा लागला, मग आणखी एक. ऊन चढलं, आणि एकाएकी बांगडा आला. गळ टाकायचा उशीर, दोराला हिसका बसत होता. एका वेळी दोन-दोन, तीन-तीन. निळ्या-हिरव्या पाठींनी होडीचा तळ चमकू लागला. पोराचे हात थांबेनात. अशी ओढ धरणात कधी लागली नव्हती. त्यानं मनात हिशेब मांडला. टोपली भरेल, आणखी एक भरेल, घरी पैसे जातील.

गळ सोडवताना त्याची नजर सहज वर गेली. देऊळ समोर नव्हतं. ते पाठीमागे होतं.

होडी नांगरावर हळूच फिरली होती. सकाळी तिचं तोंड जमिनीकडे होतं, आता ते समुद्राकडे होतं. गालाला लागणारा वारा खारा होता. त्यानं बोटांवर मोजलं. तृतीया. तिची पाऊणपट, सवादोन. सूर्य माथ्यावर येऊन गेला होता. आता निघालो तर चढत्या पाण्याबरोबर मुखातून आत. आणखी दोन टोपल्या भरत बसलो तर पाणी उतरायला लागेल आणि हा वारा त्याच्यावर चालून येईल.

त्यानं म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा काहीच बोलत नव्हता. त्याच्या दोराला त्याच क्षणी दोन बांगडे लागले होते.

पोरगा थोडा वेळ तसाच बसला. मग म्हणाला, "काका, नांगर घ्यायचा का?"

म्हाताऱ्यानं दोर गुंडाळला. "घे," एवढंच म्हणाला.

मुखाशी आले तेव्हा पाणी भरलेलं होतं. लाट मागून आली, होडीला तिनं अलगद उचललं आणि पुढं सोडलं. वाळूचा बांध कुठं गेला ते कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी पोरगा मुद्दाम मुखाशी गेला. ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं, समुद्राचा वारा आत ढकलत होता, आणि बांधावर या काठापासून त्या काठापर्यंत पांढरा फेस उसळत होता. एक मोठी बोट बाहेर नांगर टाकून थांबली होती. तिला आता रात्रीच्या भरतीची वाट बघावी लागणार होती.

नव्या कामाला निघालेला माणूस आधी मिळकतीची हत्यारं गोळा करतो. परतीची तयारी त्याला भित्रेपणाची वाटते. पण पंचवीस वाव दोर ज्याच्या होडीत असतो, त्यालाच पाच वाव पाण्यावर मन लावून गळ टाकता येतो. आणि ती सगळी तयारी शेवटी एका क्षणासाठी असते, जेव्हा मासा लागत असतो, कुणी थांबवत नसतं, आणि निघायचं आपल्याच तोंडानं म्हणावं लागतं. म्हाताऱ्यानं पोराला इतके दिवस काठावर बसवलं होतं ते या क्षणासाठी. दोर मोजायला शिकवता येतं. निघायचं म्हणणं मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं, म्हणून तो गप्प राहिला होता.

हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव चालू होता. वाळूत टोपल्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांची एकच टोपली होती, तीही काठोकाठ भरलेली नव्हती. बांगडा ताजा होता, भाव बरा मिळाला. म्हाताऱ्यानं पैसे मोजून निम्मे पोराच्या हातावर ठेवले.

पोरानं आईला पाठवायचे वेगळे काढले आणि उरलेले घेऊन तो जाळ्यांच्या दुकानात गेला. दुकानदारानं बांगड्याची नवी जाळी पुढं टाकली. पोरानं ती हातात घेऊन बघितली, छान होती, आणि बाजूला ठेवली.

"ती पुढच्या खेपेला," तो म्हणाला. "आज नांगराचा दोर द्या. दहा वाव."