पीट सीगर आणि दुसऱ्यांची गाणी

८ जून १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अमेरिकी लोकगायक पीट सीगरचा कार्यक्रम झाला. त्याचे ध्वनिमुद्रण कोलंबिया कंपनीने त्याच वर्षी ‘वुई शॅल ओव्हरकम’ या नावाने बाजारात आणले. तबकडीवरच्या गाण्यांचे कर्ते पाहिले तर सीगरच्या वाट्याला फार थोडे येते. बॉब डिलनची दोन गाणी, माल्विना रेनॉल्ड्सचे ‘लिटल बॉक्सेस’, टॉम पॅक्स्टनचे एक, वुडी गथ्रीचे एक, क्यूबातून आलेले ‘ग्वांतानामेरा’ आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कलढ्यात घडलेली काही. अशी तबकडी आपण सहसा गायकाच्या गळ्यावरून जोखतो, नाहीतर मूळ गाण्याशेजारी ठेवून पाहतो. इथे दोन्ही मापे तोकडी पडतात. दुसऱ्याचे गाणे श्रोत्यांसमोर गाऊन ते तसेच मुद्रित करणे म्हणजे कर्त्याला सोडून ते गाणे चालू शकते का, याची जाहीर परीक्षा घेणे. आणि ही परीक्षा जो घेतो त्याच्यावर कर्त्याचे नाव व त्याचा वाटा राखण्याची जबाबदारीही येते.

सीगरला ही परीक्षा सभागृहातच घ्यावी लागली, त्याला राजकीय कारण होते. १९५५ मध्ये कम्युनिस्टांचा माग काढणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याने आपली मते आणि आपले सोबती यांविषयी उत्तरे द्यायचे नाकारले. त्याबद्दल १९६१ मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा झाली, ती पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाली. तरी दूरचित्रवाणीची दारे बंदच राहिली. १९६३ च्या एप्रिलमध्ये एबीसी वाहिनीने ‘हूटनॅनी’ हा लोकगीतांचाच कार्यक्रम सुरू केला, त्यातही त्याला जागा नव्हती. उरले कॉलेजांचे मंच आणि सभागृहे. पण तिथे ताजे गाणे ताजेपणीच पोचवता येत होते. डेव्ही मूर हा मुष्टियोद्धा त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एका लढतीनंतर मरण पावला. त्यावर डिलनने लिहिलेले गाणे सीगर जूनमध्ये कार्नेगी हॉलमध्ये गात होता. डिलनच्या स्वतःच्या आवाजातले ते गाणे अधिकृत तबकडीवर यायला १९९१ उजाडावे लागले. त्याच्या चाहत्यांनी विकत घेऊन ऐकायचे म्हटले तरी इतकी वर्षे ते दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावे लागले.

‘ग्वांतानामेरा’ तर अनेक हातांतून आलेले. शब्द क्यूबाचा कवी होसे मार्ती याच्या कवितेचे, चाल होसेइतो फर्नांदेसची, दोहोंची सांगड घातली संगीतकार हुलियान ओर्बोनने, आणि सीगरला ते शिकवले ओर्बोनचा विद्यार्थी एक्तोर आंगुलो याने, एका उन्हाळी शिबिरात. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या उंबरठ्यावर आले, त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. अशा वेळी सीगर न्यूयॉर्कच्या श्रोत्यांना हा मार्ती कोण ते सांगतो, कडव्यांचा अर्थ इंग्रजीत बोलून दाखवतो आणि मग ध्रुपद त्यांच्या हवाली करतो. स्टुडिओत हे बोलणे अडगळ म्हणून कापले गेले असते. इथे ते गाण्याचाच भाग आहे. १९६६ मध्ये सँडपायपर्स या गटाने हे गाणे लोकप्रिय केले, त्यातही कडव्यांचा अर्थ इंग्रजीत बोलून दाखवलेला आहे. मंचावरची एका रात्रीची सोय पुढे गाण्याच्या घडणीतच जाऊन बसली.

यावर पहिला आक्षेप असा, की गाणे ज्याने केले त्याच्याच आवाजात ते खरे. डिलनचे ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ सीगरच्या तोंडी सौम्य होते. हे नाकारता येणार नाही. डिलनच्या खरखरीत, आडमुठ्या गळ्यात जी धार आहे ती सीगरच्या स्वच्छ, थोड्या मास्तरी स्वरात बोथट होते. पण ज्याचे गाणे त्यानेच गावे, ही अपेक्षा मुळात साठच्या दशकात बळावली, आणि ती बळावली बऱ्याच अंशी डिलनमुळेच. ‘गीतरामायण’ माडगूळकरांनी लिहिले, फडक्यांनी संगीत दिले आणि स्वतः गाइले. म्हणून ते उसने ठरवायचे कोणाच्या मनात आले नाही. शिवाय धार गेली तरी काय उरते, हेही पाहिले पाहिजे. सीगरच्या गाण्यात शब्द स्पष्ट कळतात. ते गाणे डिलनच्या आवाजाच्या आधाराविनाही उभे राहते, हे त्यातून सिद्ध होते. कर्त्याच्या तबकडीवरून ते कधीच कळले नसते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गाणी सगळ्यांची म्हणता म्हणता कर्ताच पुसला जातो. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ मुद्रित केले. सीगर ज्या गटात होता त्या वीव्हर्सने ते ‘विमोवे’ म्हणून गाजवले, कार्नेगी हॉलमध्ये लोकांसमोर गाऊन तबकडीवरही घेतले. श्रेय मात्र ‘पॉल कॅम्बेल’ या गटाच्याच टोपणनावाला गेले. सीगरने लिंडाला हजार डॉलर पाठवले होते, पण लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच वारला आणि वारसांना तडजोडीने काही मिळायला २००६ उजाडले. गाणाऱ्याचा हेतू चांगला असला म्हणून कर्त्याच्या घरी पैसा पोचतोच असे नाही. सीगरला हे समजत नव्हते असेही नाही. ‘वुई शॅल ओव्हरकम’चे हक्क त्याच्यासह चौघांच्या नावे नोंदले गेले, तेव्हा त्या गाण्याचे मानधन अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कामासाठी हायलँडर या प्रशिक्षण केंद्राच्या निधीकडे वळवले गेले. हे उदाहरण चांगले खरे, पण एका गाण्यापुरती केलेली व्यवस्था म्हणजे नियम नव्हे.

मंचावरचे ध्वनिमुद्रण तरी कुठे जसेच्या तसे असते, असेही विचारले जाईल. १९६३ च्या तबकडीवर त्या रात्रीची निवडक गाणीच आली. कार्यक्रम पूर्ण ऐकायला १९८९ च्या दोन सीडींच्या संचाची वाट पाहावी लागली. पण कात्री लागली तरी ‘लिटल बॉक्सेस’ चालू असताना उठणारे हसू उरतेच, आणि पुरावा म्हणून तेवढे पुरते. रेनॉल्ड्सने १९६२ मध्ये उपनगरातल्या एकसारख्या घरांवर केलेली थट्टा न्यूयॉर्कच्या श्रोत्यांना पहिल्या ऐकण्यातच कळली आहे. १९६४ मध्ये सीगरच्या आवाजात हे गाणे बिलबोर्डच्या यादीत ७० व्या क्रमांकापर्यंत गेले, ते उगाच नाही. तेव्हा अशा मुद्रणांना दोन प्रश्न विचारावेत. गाणे सभागृहात चालले का? आणि त्याचे श्रेय व पैसा कर्त्यापर्यंत गेला का? पहिल्या प्रश्नाला सीगर पुरेपूर उतरतो. दुसऱ्याला तो अर्धाच उतरतो. आणि पहिल्यातले यश जितके मोठे, तितकी दुसऱ्यातली उणीव जास्त बोचते, कारण सभागृहात न चालणाऱ्या गाण्याची चोरी करायला कोणी जात नाही.