तीन भाषा चुकत बोलणारा मुलूख

नांदेडच्या वजिराबादेत एखाद्या कापडाच्या दुकानात अर्धा तास टेकलं, तरी तीन-चार भाषा कानावर पडतात. देगलूर-धर्माबादकडचं गिऱ्हाईक मराठीत तेलुगू मिसळून भाव करतं. गुरुद्वाऱ्याला आलेल्या पंजाबी यात्रेकरूशी दुकानदार हिंदी बोलतो आणि शेजारच्या दुकानातल्या भाईंशी दखनी. लातूरकडं उदगीर-निलंग्याला गेलं की तेलुगूची जागा कानडी घेते. यातली एकही भाषा कुणी व्याकरण सांभाळून बोलत नाही. 'मेरेकू मालूम नै' म्हणणाऱ्याला कुणी अडवत नाही, लिंग चुकलं म्हणून सौदा मोडत नाही. त्याच दुकानदाराच्या पोराला बारावीत इंग्रजीला ऐंशीच्या वर गुण असतात. पाहुण्यांसमोर त्याला म्हणा, बाबा, इंग्रजीत दोन वाक्यं बोलून दाखव. पोरगं मान खाली घालतं.

याला न्यूनगंड म्हणून मोकळं होता येतं, पण त्यानं काही उलगडत नाही. न्यूनगंडच असेल तर तो तेलुगू-हिंदी बोलताना कुठं जातो? तीन भाषा बिनदिक्कत चुकत बोलणाऱ्या या मुलखानं एकट्या इंग्रजीपुढंच एवढं सोवळं का पाळावं, याचं उत्तर मला तरी इथल्या इतिहासात दिसतं.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यावर इंग्रजांचं थेट राज्य कधी आलंच नाही. मुंबईत इंग्रजी ऐकू येत होती. साहेब, त्याचा बटलर, गोदीतला मुकादम, कंपनीतला कारकून, सगळे ती आपापल्या परीनं मोडूनतोडून बोलत. इथं हिंगोली, मोमिनाबादसारख्या छावण्या सोडल्या तर साहेब दिसणंच दुर्मीळ. कचेरीची, कोर्टाची, पोलीस ठाण्याची भाषा उर्दू होती आणि माध्यमिक शिक्षणही उर्दूतूनच. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. त्यासाठी अनुवादाचं स्वतंत्र खातं उभं राहिलं आणि पुढं वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवलं गेलं. आज 'डॉक्टर व्हायचं तर इंग्रजीशिवाय इलाज नाही' असं ज्या गावांत ठामपणे सांगितलं जातं, त्याच गावांत एके काळी उर्दूतून शिकलेले डॉक्टर नाडी बघत होते.

उर्दूलाही तोरा होता, हे कबूल करायला हवं. अदबीनं, नफासतीनं उर्दू बोलणाऱ्या वकिलापुढं खेड्यातला माणूस बिचकायचाच. पण उर्दूच्या पायाशी दखनी बसलेली होती. बाजारात, गाडीतळावर, उरुसात माणूस दखनी बोलत बोलत उर्दूच्या उंबऱ्यापर्यंत पोचत असे. चुकायला जागा होती. इंग्रजी आली ती अशी खालची पायरी न घेताच. तिला इथं बाजार नव्हता, होता फक्त फळा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला, 'प्रयोग बदला', गाईवरचा निबंध. जी भाषा कानावर पडण्याआधी तांबड्या शाईनं तपासली जाते, तिच्यात तोंड उघडणं म्हणजे उत्तरपत्रिका देणंच. खरी गाठ मला इथं वाटते.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि उर्दूचा तोरा बघता बघता उतरला. उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. आयुष्यभर उर्दूत दफ्तर लिहिलेली माणसं चाळिशीत अडाण्यासारखी झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा दुसरा एक धक्का बसला, आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. आता वरचे साहेब मराठीच बोलणारे होते, पण त्यांच्या मराठीला पुण्याचं वळण. नांदेडचं 'काय करायलास', लातूरचं 'येऊलालाव' ऐकून त्यांना हसू यायचं. चारचौघांत बोलण्याची लाज आपण इंग्रजीपायी नाही शिकलो. आधी ती मराठीतच शिकलो. पुण्याला शिकायला गेलेला पोरगा पहिल्या महिन्यात 'करायलाव' गिळायला शिकतो. इंग्रजीत गप्प बसणं ही त्याच्यासाठी पुढची इयत्ता असते.

तरी बराच काळ हुशारी आणि इंग्रजी यांची अशी गाठ इथं पडली नव्हती. नरहर कुरुंदकर नांदेडचे. आधी शाळेत आणि मग पीपल्स कॉलेजात शिकवत त्यांनी मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत सगळीकडं बुद्धी चालवली, ती मराठीत. त्यांच्या व्याख्यानाला माणसं तासन्‌तास बसत, आणि गृहस्थ इंग्रजी कसं बोलतात हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नसे. फर्डा वक्ता म्हणजे मराठीत फर्डा. १० फेब्रुवारी १९८२ला ते गेले. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हे माप बदललं आणि विद्वत्तेची जागा 'फाडफाड इंग्रजी'नं घेतली. कपिल देवची जाहिरात असलेलं रॅपिडेक्सचं पुस्तक याच काळात घराघरांत आलं. स्टँडावरून विकत आणायचं, दार लावून आरशासमोर वाचायचं आणि कुणाला सांगायचं नाही, असा त्याचा रिवाज होता.

लातूरची गोष्ट निराळी आणि जास्त गमतीची. १९७० साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचं प्राचार्यपद दीर्घकाळ जनार्दन वाघमारे यांच्याकडं होतं. ते इंग्रजीचे प्राध्यापक आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्याचे अभ्यासक. मालकाची भाषा आपल्या तोंडानं, आपल्या लयीत बोलून तिचं साहित्य करणाऱ्या माणसांची ओळख त्यांनी मराठीला करून दिली. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याचे ते पहिले कुलगुरू. आणि त्यांच्याच महाविद्यालयाच्या नावाशी जोडला गेलेला 'लातूर पॅटर्न' मात्र अबोल निघाला. सराव परीक्षा, प्रश्नसंच, पुन्हा सराव. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मुलं झळकली, पुढं सीईटी आली, मग नीट. नीटच्या १८० प्रश्नांत तोंडातून एक अक्षर काढावं लागत नाही, गोल काळे केले की झालं. २०१७ पासून हा पेपर मराठीतही देता येतो, पण अकरावी-बारावीचं विज्ञानच इंग्रजीतून असल्यानं इथली मुलं इंग्रजीच घेतात. म्हणजे दोन वर्षं रोज दहा-बारा तास ती इंग्रजी वाचतात, समजून घेतात, तिच्यावर बाजी मारतात, आणि बोलत मात्र नाहीत. मुकेपणानंही जिंकता येतं हे लातूरनं सिद्ध करून दाखवलं. याचं मला कौतुक आहे आणि थोडी धास्तीही.

क्लासमध्ये मात्र वेगळंच चाललेलं असतं. 'आता एक्सची व्हॅल्यू पुट करा, वरचं-खालचं कॅन्सल, राहिलं काय?' हे सर बोलतात ती कोणती भाषा? दखनीनं उर्दूसाठी केलं तेच ही इंग्रजीसाठी करू शकली असती, कारण ती मोडकी आहे आणि निर्भयही. पण तिला कुणी इंग्रजी म्हणत नाही. सर स्वतःसुद्धा म्हणत नाहीत. त्याच रस्त्यावर स्पोकन इंग्लिशची वेगळी पाटी असते आणि तिथं पहिल्या दिवसापासून मराठी बंद.

इंग्रजीची ओढ सगळ्यांना सारखी नव्हती, हेही विसरता येत नाही. सावित्रीबाईंनी तिला माउली म्हटलं ते उगाच नव्हे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तिथं मराठवाड्याच्या वस्त्या-वाड्यांतून मुलं आली. ज्याची मराठी ऐकताच समोरचा त्याची आळी ओळखत असे, त्याला इंग्रजीत एक सवलत होती. तिथं देशमुखाचा पोरगाही तितकाच अडखळत होता. ही समता फार दिवस टिकली नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी ती संपवली. आता कुणाच्या बापानं किती फी भरली, हे पहिल्या वाक्यात कळतं. लग्नाच्या बायोडाट्यात मुलीचं माध्यम लिहितात ते याचसाठी. २००० साली सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणली तेव्हा हे अंतर बुजेल असं वाटलं होतं. पण फळ्यावरची भाषा पाचवीऐवजी पहिलीत आली, एवढंच बहुतेक गावांत झालं.

काश्मीरमध्ये जन्मलेल्या ब्रज काचरू या भाषाशास्त्रज्ञानं १९८५च्या सुमाराला मांडलं, की इंग्रजी ही आता एकट्या इंग्रजांची राहिलेली नाही, भारतीय इंग्रजीला स्वतःचे नियम आहेत. विद्यापीठांत ते मान्यही झालं. पुण्यातल्या कॉल सेंटरात मात्र आजही लातूरच्या मुलाचा 'ट' जाड लागतो म्हणून त्याला 'एमटीआय', म्हणजे मातृभाषेची छाप, काढायला बसवतात. 'इंग्लिश विंग्लिश' या चित्रपटातली शशी गोडबोले बोलायला लागते ती न्यूयॉर्कच्या वर्गात, जिथं सगळेच आपापल्या देशाचे हेल काढत चुकतात. पुण्याच्या घरात तिला ते जमलं नव्हतं. दिग्दर्शक गौरी शिंदे स्वतः पुण्याच्या, त्यांना हे नेमकं ठाऊक असणार.

लातूर पॅटर्नची पहिली पिकं आता पन्नाशीत आली आहेत. त्यातली कितीतरी जणं वैद्यकीय महाविद्यालयांत प्राध्यापक आहेत, तोंडी परीक्षेच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. नायगाव किंवा अहमदपूरहून आलेलं पोरगं समोर बसतं, उत्तर त्याला येत असतं, पहिलं वाक्य जुळत नाही. काही प्राध्यापक म्हणतात, 'अरे, मराठीत सांग, मग इंग्रजीत बघू.' आणि काही, बहुधा ज्यांनी स्वतः हे जास्त सोसलं ते, घड्याळाकडं बघतात.